कोरे पान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले. तेव्हा विषयही शाळेचाच घेतो.

चौथीच्या वर्गाला शिवचरित्र शिकविताना मी वर्षानुवर्षे एकच करीत आलो. राज्याभिषेकाची तारीख, ६ जून १६७४, फळ्यावर लिहावयाची आणि मुलांनी ती दहा वेळा उतरावयाची. परीक्षेत ती बिनचूक येई. परंतु त्या तारखेला काही अर्थ आहे, असे मुलांच्या चेहऱ्यांवर कधी दिसले नाही. एके वर्षी वर्ग रायगडावर नेला, तेव्हा माझी चूक मला उमगली.

प्रथम आम्ही पायथ्याच्या पाचाडास थांबलो. तेथे जिजामातांची समाधी आहे. गडावरील गार वारा त्यांना मानवेना म्हणून त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला, असे सांगतात. १७ जून १६७४ रोजी त्यांनी देह ठेवला. एका मुलीने बोटांवर दिवस मोजले आणि ती म्हणाली, "गुरुजी, म्हणजे आईनं सोहळा बघितला!" दहा वेळा उतरलेल्या तारखेत हा अर्थ तिला सापडला नव्हता, खरे सांगावयाचे तर मलाही नाही.

गडावर बाजारपेठेची उंच जोती पाहिली. स्वार घोड्यावरूनच खरेदी करीत, असे वाटाड्याने सांगितले. लगेच एकाने विचारले, "मग पायी येणाऱ्यांनी काय करायचं?" मला उत्तर देता आले नाही, पण आनंद झाला. ऐकीव गोष्ट तपासून पाहणे, हीच इतिहासाची पहिली पायरी होय. पुढे जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव मुलांनी एकेक अक्षर लावून वाचले. ज्याने एवढा गड उभारला त्याने आपले नाव कळसावर न घालता पायरीवर घातले, हे मला निराळे शिकवावे लागले नाही.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. त्या सहलीस तीन मुले आली नव्हती. वर्गणी भरणे घरच्यांना जमले नाही, आणि मीही चौकशी केली नाही. परतल्यावर मात्र 'मी पाहिलेला रायगड' हा निबंध मी साऱ्या वर्गास घातला. त्या तिघांपैकी एकाने कोरे पान दिले, म्हणून मी त्यास तासभर उभे केले. कारण कळले तेव्हा मान वर करण्याची सोय राहिली नाही. ते कोरे पान त्याचे नव्हते, माझे होते.

२०२५ साली रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. जगाने मान्य केलेला हा वारसा आपल्या गावचे मूल वर्गणीवाचून पाहू शकत नसेल, तर त्या गौरवाचा उपयोग काय? आपले मंडळ वह्या-पुस्तके देते, हे स्तुत्यच आहे. त्याच निधीतून दरवर्षी काही मुलांच्या सहलीचा खर्च द्यावा, अशी माझी विनंती आहे. आणि देताना ज्ञात पाहू नये. कोरे पान देणारा तो मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हता. परंतु तो बसत होता आपल्याच मुलाशेजारी, एकाच बाकावर.