गूढाची शिडी आणि समतेचा प्रश्न
(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्याला परका वाटेल. युरोप-अमेरिकेत ख्रिस्तपूर्व देवदेवतांची उपासना पुन्हा सुरू करणारे आणि गूढविद्येच्या नादी लागलेले अनेक गट आहेत. त्यांतील काहींत वंशश्रेष्ठत्वाचे राजकारण शिरले आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदभवनात घुसलेल्या जमावातील एकाच्या उघड्या अंगावर थॉर देवाचा हातोडा गोंदलेला साऱ्या जगाने पाहिला. त्या थॉरशी पनवेलकरांचा काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे.

१९०५ साली फ्रान्समधील लिआँ येथे जन्मलेल्या माक्सिमियानी पोर्तास या विदुषी १९३२ साली हिंदुस्थानात आल्या. ख्रिस्ती धर्माने युरोपातील आर्यांचे प्राचीन दैवतविश्व नष्ट केले, ते केवळ येथे जिवंत उरले आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी सावित्री देवी हे नाव धारण केले. १९३९ साली त्यांनी ‘अ वॉर्निंग टु द हिंदूज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना लिहिली ती भगूरच्या गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांनी. पुढे १९५८ साली याच बाईंनी ‘द लाइटनिंग अँड द सन’ या ग्रंथात आपली युगचक्राची कल्पना उचलून हिटलरला जवळजवळ अवतारपदी बसविले. १९८२ साली त्या निवर्तल्या. परंतु पाश्चात्त्य नवनाझींनी त्यांना गुरुस्थानी मानले आहे.

या उत्तरकालीन ग्रंथाचे उत्तरदायित्व आधीच्या प्रस्तावनाकारावर टाकणे अन्यायाचे होईल. लोकमान्यांच्या १९०३ सालच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाबद्दलही तेच म्हणावे लागेल. वेदांचे प्राचीनत्व सिद्ध करावे, हा टिळकांचा हेतू होता. उत्तर ध्रुवाकडील आर्यभूमीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी त्याचा उपयोग आपल्या कामासाठी केला. मुद्दा व्यक्तीच्या दोषाचा नाही, विचाराच्या रचनेचा आहे.

ही रचना तीन पायऱ्यांची असते. एके काळी सुवर्णयुग होते, ही पहिली. त्याचे रहस्य डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म मार्गाने निवडक अधिकारी पुरुषांनाच कळते, ही दुसरी. म्हणून राज्य करण्याचा अधिकारही त्यांचाच, ही तिसरी. तिसऱ्या पायरीवर प्रश्न विचारणारा मतभेद असलेला नागरिक उरत नाही. तो धर्मद्रोही ठरतो.

आता आपल्या तालुक्याकडे या. देवद येथे सनातन संस्थेचा आश्रम आहे. या संस्थेच्या साहित्यात ‘अनिष्ट शक्तीं’च्या त्रासावर मीठ-पाण्याचे उपाय असतात, ‘सूक्ष्म-परीक्षण’ असते आणि हिंदु राष्ट्राचे ध्येयही असते. साधकांच्या नावापुढे ‘आध्यात्मिक पातळी ६१ टक्के’ असे छापले जाते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. शेकडेवारी दिसली की शंभर म्हणजे काय, मोजले कोणी, आणि दुसऱ्याने मोजले तर तोच आकडा येईल काय, हे विचारण्याची मला सवय आहे. येथे या प्रश्नांना गुरूच्या शब्दापलीकडे उत्तर नाही. पडताळता न येणारी अशी श्रेणी समाजव्यवस्थेचा पाया होऊ लागली, तर ‘एक माणूस, एक मत’ या तत्त्वाचे काय उरेल?

२००८ साली ठाण्याच्या गडकरी रंगायतनात झालेल्या स्फोटाच्या खटल्यात २०११ साली सत्र न्यायालयाने या संस्थेशी संबंधित दोघांना दोषी ठरविले व चौघांना मुक्त केले. संस्थेने हिंसेशी असलेला संबंध सातत्याने नाकारला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडले. सूत्रधार कोण, याचे उत्तर त्या निकालाने मिळाले नाही. आपण दुःखी आहोत म्हणून ते उत्तर मनाने भरून काढू नये. पुराव्याचा आग्रह आपल्यालाही बांधतो.

श्रद्धाळू माणूस आपला शत्रू नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. अमेरिकेतील थॉरच्या अनेक उपासकांनीच २०१६ साली एकत्र येऊन वंशवादी गटांशी असहकार जाहीर केला. आपल्याकडे तर गाडगेबाबांनी कीर्तनात उभे राहून लोकांनाच प्रश्न विचारले. भक्तीला प्रश्नांचे भय नसते. ते अधिकाराला असते.

ज्याची नोकरी कंत्राटी, घर कर्जाचे आणि उद्याचा भरवसा नाही, त्याला अदृश्य शत्रू आणि निश्चित पातळी सांगणारा कोणी भेटला की आधार वाटतो. त्याची चेष्टा करून काही साधणार नाही. त्याला संघटनेचा आधार द्यावा लागेल. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तिच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. पण ते टक्के जमिनीवर मोजता येतात, सातबाऱ्याशी ताडता येतात आणि न दिल्यास मोर्चा काढून मागता येतात. ज्या टक्क्यांचा हिशेब सामान्य माणूस मागू शकतो, त्यांचेच राजकारण आपण केले पाहिजे.