बँकेची नोटीस आली तर

भगिनींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे घर तारण ठेवून कर्ज काढताना पुष्कळदा घरच्या बाईचीही सही घेतात. हप्ते थकले की नोटीस तिच्याही नावे येते. ती ट्रंकेच्या तळाशी दडवू नका, एवढेच माझे सांगणे. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. हिशेब चुकीचा वाटला तर लेखी हरकत घ्या. ती अमान्य असल्यास बँकेने १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. मुदत टळल्यावर बँक घराचा ताबा घेऊ शकते. त्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीवर मात्र या कायद्याने जप्ती येत नाही. तेव्हा लाजेपायी गप्प बसू नका; प्रथम तारीख वाचा आणि वकिलाला गाठा.