परतीची वाट

आपल्या भिवंडीत यंत्रमागावरचा धोटा गेला की परत यावाच लागतो. विजेचेही तसेच. सर्किट बोर्डावर तांब्याच्या रेषेतून गेलेला प्रवाह उगमाकडे परततोच. पण आपण जाणारी रेषा मन लावून आखतो आणि परतीची वाट विसरतो. कमी वारंवारितेला तो कमी रोधाच्या वाटेने येतो. मेगाहर्ट्झच्या घरात मात्र रेषेच्या अगदी खालून, ग्राउंडच्या थरातून. जाणे-येणे जवळ असले म्हणजे वेटोळे लहान राहते. त्या थरात रेषेखाली आडवी फट पाडलीत, तर प्रवाह वळसा घेईल, वेटोळे वाढेल, संदेश बिघडेल आणि शेजारच्या रेषांतही गोंगाट शिरेल. माझा पहिला बोर्ड असाच वाया गेला. दोष मी आठवडाभर चिपमध्ये शोधत होतो. फट मीच पाडली होती.