अण्णांचा वाडा आणि आपली घरे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीसमोर उभे राहून भुतांवर बोलणार, असे कळल्यावर आपल्यातल्या दोन-तीन ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की बाप्पा हा गणांचा अधिपती, आणि महादेवाच्या गणांत भूतगणही येतातच. तेव्हा विषय त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा नाही.

विषय आहे 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आणि ती पाहणारे आपण. मालिकेची समीक्षा करायला आम्ही कोणी जाणकार नाही. आम्ही सरकारी मोजणी खात्यातली माणसे, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. दुसऱ्याच्या जमिनीच्या हद्दी दाखवणे हा आमचा धंदा. पण या मालिकेचे तिन्ही भाग बेळगावात घरोघर पाहिले गेले. ऑफिसात, कट्ट्यावर, हळदीकुंकवाला त्यांवर बोलणे झाले. त्या बोलण्यातून आपल्याच घरांबद्दल जे कानांवर आले, ते आज मांडायचे आहे.

आमच्या वयाच्या माणसांना पडद्यावरचे भूत नवे नव्हते. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायचे. पुढे १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' आला, १९९५ मध्ये 'आहट'. पण त्या भुतांचा पत्ता लांबचा होता. बेताल स्मशानातल्या झाडावर लटकायचा, बाकीची भुते मोठमोठ्या हवेल्यांत राहायची. टीव्ही बंद केला की आपण मोकळे. फार तर बाथरूमला जाताना दिवा लावून जायचे.

२२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर ही मालिका सुरू झाली आणि भूत ओळखीच्या घरात आले. कौलारू घर, पुढे अंगण, तुळस, ओटी, आत अंधारे माजघर, मागे विहीर. चित्रीकरण झाले सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात. बेळगावाहून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ त्या वाटेवर आहे. नावसुद्धा जुनी आठवण चाळवणारे. १९७६ सालच्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातले सुधीर मोघे यांचे गाणे ज्यांनी रेडिओवर ऐकले आहे, त्यांना ते नाव वाचूनच अंगावर काटा आला असेल.

पहिल्या भागाची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. नाईकांच्या घरातले कर्ते पुरुष अण्णा जातात आणि मुंबईचा माधव, गावचा दत्ता, धाकटा अभिराम, लेक छाया, सुना, सगळे एका छपराखाली गोळा होतात. मग एकेक विपरीत घडू लागते.

यावर पहिली प्रतिक्रिया उमटली ती ओळखीची. आमच्या शेजारच्या एक आजी मूळच्या तळकोकणातल्या. त्यांना मालिकेतले भूत बघायचेच नसायचे. त्या मालवणी बोली ऐकायला बसत. लग्न होऊन घाट चढून आल्यापासून ती बोली त्यांच्या तोंडून हळूहळू गेली होती. इथे आपले मराठी वेगळे, त्यात कानडीची मिसळण. मालिकेतला पांडू काही विसरला की आजी हसत आणि नातवंडांना त्याचे बोलणे तसेच्या तसे करून दाखवत. मालवणी आपण १९८० पासून 'वस्त्रहरण' नाटकात ऐकत होतो, मच्छिंद्र कांबळी यांनी ती घरोघर पोहोचवली. पण आता ती रोज रात्री घरात येऊन बोलू लागली. एका घरातली गेलेली बोली थोडीफार परत आली, हे श्रेय मालिकेला दिले पाहिजे.

दुसरी प्रतिक्रिया होती रागाची, आणि ती खुद्द कोकणातून आली. कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणीचा मुलूख, असे चित्र उभे राहते, आमची बदनामी होते, मालिका बंद करा, अशी मागणी झाली. घाटावर बसून आपण त्या रागाला हसलो. तो राग समजून घेण्यासारखा होता. कोकणातल्या माणसाचे आणि अदृश्य शक्तीचे नाते नुसते भीतीचे नाही. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. पण गावकऱ्यांसाठी तो राखणदार. रात्री गावाभोवती फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. जिथे भुतांच्या राजाच्या झिजलेल्या वहाणांची काळजी केली जाते, तिथल्या माणसांना आपला गाव नुसता करणीचा म्हणून दाखवला तर वाईट वाटणारच.

आणि करणीचा विषय आमच्या खात्याला चांगलाच ठाऊक आहे. वाटणीची मोजणी निघाली की हद्दीच्या दगडापाशी कधी लिंबू, कधी टाचण्या टोचलेली बाहुली सापडते. मग सोबतचा गडी पुढे पाऊल टाकायला तयार होत नाही. ते लिंबू ठेवणारा माणूस भूत नसतो. बहुतेक वेळा तो दोन बांध पलीकडे उभा असतो आणि सख्खा चुलतभाऊ असतो. पण त्यानंतर त्या घरात म्हैस आटली, पोराला ताप आला, तरी बोट त्याच्याकडेच जाते, आणि दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्यासाठी प्राण द्यावे लागल्यानंतर. आपल्या कर्नाटकात २०१७ साली तसा कायदा मंजूर झाला आणि जानेवारी २०२० पासून लागू झाला. कायदा भोंदूला पकडेल. भावाभावांतला संशय मात्र आपल्यालाच काढावा लागेल.

आता तिसरी प्रतिक्रिया. आमच्या मते सर्वांत विचार करण्यासारखी तीच आहे.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला. तो मागच्या काळात गेला, अण्णा जिवंत असतानाच्या. जुने घर, जुने कपडे, जुनी भांडी. आपल्यातल्या पन्नाशी-साठीच्या मंडळींनी तो भाग डोळे भरून पाहिला. अण्णा झाले होते माधव अभ्यंकर, शेवंता अपूर्वा नेमळेकर, माई शकुंतला नरे. अभिनय इतका जमला की अण्णा नाईक हे नाव साऱ्या मराठी मुलखात झाले. मोबाईलवर त्यांची चित्रे फिरू लागली, लग्नात पोरे त्यांच्या ढंगात बोलू लागली. तिसऱ्या भागात शेवंताची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, तर घरचे माणूस दुरावल्यासारखे लोक हळहळले.

जरा थांबून पाहू या की हे अण्णा नाईक होते कोण. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे, खून पचवणारे, दुसऱ्याच्या बायकोचा लोभ धरणारे, स्वतःच्या बायकोवर हात उचलणारे. पहिल्या भागात त्यांच्या मागे राहिलेले घर आपल्याला भयाण वाटले होते. दुसऱ्या भागात ते घर भयाण का झाले याची कारणे रोज समोर दिसत होती, आणि आपण म्हणत होतो, 'काय माणूस आहे! काय दरारा!' भूत झालेल्या अण्णांना आपण घाबरलो. जिवंत अण्णांचे मात्र आपल्याला कौतुक वाटले.

असे का व्हावे? काळ जुना आहे म्हणून. जुन्या घराचे चित्र समोर आले की कंदिलाचा उजेड आपल्याला दिसतो, तो कोणी पुसायचा हे दिसत नाही. मोठ्या पंक्तीच्या आठवणी निघतात, पण शेवटच्या पंक्तीला बसणाऱ्या बायकांच्या पानात काय उरायचे ते निघत नाही. कर्त्या पुरुषाचा दरारा आठवतो आणि त्याच्या पावलांच्या आवाजाने माजघरात पसरणारी शांतता विसरली जाते.

हे आम्हाला कोणा पुस्तकाने शिकवले नाही. आमच्याच गल्लीत हळदीकुंकवाला बायका अण्णांच्या नकला करून हसत होत्या. तिथे बसलेल्या एक वयस्कर काकू शांतपणे म्हणाल्या, 'टीव्हीतल्या अण्णाला बघून तुम्ही हसताय. आमच्या घरात असा एक होता, तेव्हा कुणी हसलं नाही बघा.' घरच्या मंडळींनी ही गोष्ट सांगितली, तेव्हापासून ते वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. त्या काकूंच्या घराला आम्ही लहानपणापासून 'मोठे घर' म्हणत आलो. त्या घराचे वैभव आम्हाला पाठ होते. काकूंना कोणी कधी काही विचारले नव्हते.

मालिकेतल्या माईंकडेही आपण तसेच पाहिले. माई सहन करतात, देवाला हात जोडतात, मुलांना पांघरूण घालतात. आपण म्हणालो, 'बिचारी, देवमाणूस.' शेवंताचे नाव घराघरात झाले, अण्णांचे झाले. पण माईंच्या नकला कोणी केल्या नाहीत. सोसण्याची नक्कल करता येत नाही. ते ज्याचे त्यालाच करावे लागते.

मंडळी, आता थोडे आमच्या धंद्याचे बोलू. जुन्या घराची किंवा शेताची वाटणी मोजायला गेलो की उताऱ्यावर कधी तीस-तीस नावे निघतात. चार-पाच गुंठ्यांचे घर, वारस पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पसरलेले. दार वर्षानुवर्षे बंद, कौले फुटलेली, विहिरीत पिंपळ उगवलेला. मग गावात बोलवा होते की त्या घरात रात्री कोणी दिसते. दिसणारच. जिथे माणसे भांडून निघून गेली आणि परत कोणी दार उघडले नाही, तिथे दुसरे काय दिसणार? आम्ही अशी घरे दिवसा उघडली आहेत. आत सापडते ते वटवाघळांची घाण, एखादा देव्हारा आणि पत्र्याच्या ट्रंकेत कागद. त्या कागदांत पुष्कळदा बहिणींनी सही केलेले हक्कसोडपत्र असते. सही करताना त्यांना काय सांगितले होते, ते विचारले तर उत्तर ठरलेले, 'दादाने सांगितलं, इथे सही कर. माहेर तुटू नये म्हणून केली.'

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये, मालिकेचा दुसरा भाग संपण्याच्या सुमारास, सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही. बहिणीने हक्क घ्यावा की सोडावा, हे आम्ही सांगणार नाही. तो तिचा अधिकार. पण सोडायचा असेल तर कागद वाचून, समजून सोडावा. दादाच्या दराऱ्याला भिऊन केलेली सही म्हणजे अण्णांच्या वाड्याची आणखी एक वीट.

म्हणून आम्हाला वाटते की या मालिकेत आपल्याला खरी भीती वाटली ती त्या घराच्या न झालेल्या हिशेबाची. कोणाची जमीन घेतली, कोणाला गप्प बसवले, कोणाचा हक्क डावलला, हे जिथे कोणी बोलत नाही, तिथे ते रात्री पावलांचा आवाज होऊन फिरते. आपल्या जुन्या लोकांनी भुतांच्या गोष्टी सांगितल्या त्यात हाच अर्थ पुष्कळदा असायचा. विहिरीत जीव दिलेली सून हडळ होऊन येते, असे सांगितले जायचे. पण तिने विहीर का गाठली, हे विचारायची गावाला लाज वाटायची. गोष्टीतले भूत खोटे असेल, तिचे दुःख खोटे नव्हते.

मग या मालिका पाहू नयेत का? अवश्य पाहाव्यात. दिवे घालवून, मुलांना जवळ घेऊन, घाबरत, हसत पाहाव्यात. जुने घर पाहून मन भरून आले तर येऊ द्यावे. पिढ्यान्‌पिढ्या गावापासून लांब राहिलेल्या आपल्यासारख्या माणसांना तेवढा विसावा हवाच. फक्त मालिका संपल्यावर आपल्या आजीला, काकूला, आत्याला एक प्रश्न विचारावा, 'तुमच्या वेळी घरात कसं होतं?' आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिल्या वेळेला त्या म्हणतील, 'छान होतं सगळं.' दुसऱ्यांदा विचारावे.

गणपतीत आपण सगळे मूळ घरी एकत्र जमतो. पुण्याचा भाऊ येतो, गोव्याची बहीण येते. आरती होते, मोदक होतात, पत्त्यांचे डाव रंगतात. याच दिवसांत एक दुपार काढावी. ट्रंक उघडावी, कागद सगळ्यांसमोर वाचावेत, बहिणींना आणि सुनांनाही बसवून. उताऱ्यावर कोणाची नावे आहेत, कोणाची राहिली, ते बघावे. भांडण होईल? थोडे होईलही. उजेडात झालेले भांडण संध्याकाळच्या आरतीपर्यंत मिटते. वर्षानुवर्षे दाबलेले मात्र मुलाबाळांच्या वाट्याला जाते, हे आम्ही रोज बांधावर उभे राहून पाहतो.

विघ्नहर्ता म्हणून ज्याला आपण पूजतो, त्याच्यापुढे एवढे एक विघ्न आपल्या हाताने दूर करू या. 

गणपती बाप्पा मोरया!