जमिनीचा कस आणि आपली शाळा
(कल्याण व मुरबाड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



आषाढात कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून जाताना पाण्याचा तांबूस रंग आपण पाहिलाच असेल. उल्हास कर्जत-बदलापूरकडून आणि काळू मुरबाड-टिटवाळ्याकडून जे पाणी आणते, त्यात डोंगरउतारावरची माती असते. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरची नाचणी व वरई जिच्यात पिकते, तीच ही माती.

आपल्या जिल्ह्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. खालच्या भातखाचरांना बांध असल्याने तेथे माती अडते. वरकस जमिनीला तसा आधार नसतो. उतार उभा नांगरला की प्रत्येक तास हा पाण्याचा पाट होतो. आडवी नांगरट आणि मधून मधून दगडी बांध किंवा गवताचा पट्टा, एवढ्यानेही पाण्याचा वेग पुष्कळ मोडतो.

राबाविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. शेणी, टहाळ व पालापाचोळा यांचे थर रचावयाचे, वर माती पसरावयाची, उन्हाळ्यात ते भाजावयाचे आणि पावसाच्या तोंडावर तेथे भात पेरावयाचे, ही आपल्याकडील फार जुनी रीत होय. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी १८८५ साली मुंबई सरकारने आयोग नेमला, त्याच्यापुढेही राबाच्या टहाळाचा प्रश्न होताच. राब भाजणाऱ्यास अडाणी म्हणण्याची खोड सुशिक्षितांना आहे. मला ती मान्य नाही. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होऊन रोपे मुळे न तुटता उपटतात. शेतकऱ्याचे निरीक्षण खरे आहे. पण त्याची किंमत जबर आहे. एका वाफ्यासाठी ऐनाची झाडे वर्षानुवर्षे बोडकी होतात, खत व्हावयाचे शेण जळून जाते आणि उघडा पडलेला डोंगर पहिल्या सरींबरोबर खाली येऊ लागतो.

मग राबाऐवजी काय? डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख रोपांच्या वाफ्यात मिसळतात आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला, दर आरास सुमारे ३० किलो, खाचरात गाडतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत तर चिखलणीच टाळते व आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहू देते. तीत तणनाशक लागते, हेही सांगितले पाहिजे.

मुलांकडून हे पाठ करून घेऊ नये. दोन पसरट खोकी घ्यावीत. एकात उघडी माती, दुसऱ्यात गवतासह उचललेली माती भरावी. दोन्ही सारख्या उतारावर ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे व खाली वाहून येणारे पाणी बरण्यांत धरावे. बरण्या दिवसभर वर्गात राहू द्याव्यात. सायंकाळी तळाशी बसलेला गाळ मुलांनीच पट्टीने मोजावा. डोंबिवलीकडील ज्या शाळांभोवती आता खाचरे उरली नाहीत, त्यांनाही एवढे करता येईल.

मुरबाडकडील शाळांनी मृगाच्या पावसात कुंपणालगत गिरिपुष्पाच्या फांद्यांचे दोन-दोन हातांचे तुकडे लावावेत. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पुढे छाटणीचा पाला निघू लागेल, तो ज्या पालकास खाचरासाठी हवा असेल त्याने न्यावा.