आवाज येतो, चित्र नाही: नव्या टीव्हीसाठी कर्ज काढण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत दिलेली माहिती)



मुरबाड-शहापूरकडच्या गटांत अंतर्गत कर्जाच्या मागणीत आजकाल 'नवीन टीव्ही' हे कारण दिसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "जुन्याचा आवाज येतो, पण चित्र नाही. दुकानदार म्हणाला पॅनेल गेलं." टीव्ही जरूर घ्या, हौस असावीच. पण अर्जावर सही करण्याआधी घरी दहा मिनिटं द्या.

पहिलं, टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. बॉक्सच्या रिमोटचं नाही हं, टीव्हीच्या. मेनू नीट दिसला तर टीव्ही ठीक आहे, बिघाड बॉक्समध्ये किंवा वायरमध्ये. तीन रंगांच्या पिनांची वायर असेल तर पिवळी पिन बघा. चित्र फक्त पिवळीतून येतं, लाल-पांढरीतून आवाज. झाडताना पिवळी सैल झाली की आवाज चालू, चित्र बंद! यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत.

मेनूही दिसत नसेल तर प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. तरीही काळंच? मग खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. नीट निरखून बघा. अंधुक माणसं हलताना दिसली तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड गेलाय.

हे असं का, तर एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. हे दिवे माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक दिवा गेला की पूर्ण माळ विझते, आणि आवाजाचा भाग वेगळा असल्यामुळे तो चालूच राहतो. चालू करताना क्षणभर चित्र चमकून गेलं, तरी संशय याच पट्ट्यांवर. पट्ट्या बदलता येतात आणि पॅनेलच्या मानाने बऱ्याच स्वस्त पडतात. पॅनेल खरंच गेलं असेल तर मात्र खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या जवळ जातो, तेव्हा दुरुस्तीचा हट्ट नको.

मागचं झाकण स्वतः उघडू नका, भावाला-मुलालाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या भागात करंट साठलेला असतो. आणि वॉरंटी चालू असेल तर उघडल्यावर ती हातची जाते.

कल्याणला किंवा उल्हासनगरला दुरुस्तीला न्यायचा असेल तर टीव्ही उभाच न्या, गोधडीत गुंडाळून. जीपमध्ये आडवा टाकला आणि वर पिशवी ठेवली, तर पॅनेल तिथेच फुटेल. दुकानात सरळ सांगा, "टॉर्चने चित्र दिसतंय, बॅकलाइट तपासा." एवढ्या वाक्यानेच बोलणं बदलतं. पट्ट्या सगळ्या एकदम बदलून घ्या, जुन्या परत मागा. उघडताना पॅनेल फुटलं तर भरपाई कोण देणार, हे आधीच पावतीवर लिहून घ्या. तोंडी बोलणं उपयोगाचं नाही. घरी आणल्यावर बॅकलाइट थोडा कमी ठेवा, पट्ट्या जास्त टिकतात. वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा.

दुरुस्ती करूनही फसवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे नाही सुटलं तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लागतोच असं नाही, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण पावती हवी. ज्यांच्याकडे घरच्या वस्तूंची बिलं पडून आहेत, त्यांनी पुढच्या सभेला घेऊन या, सीआरपी ताईंबरोबर बसून मोबाईलवर फोटो काढून ठेवू. त्या बिलांची शाई वर्षभरात उडते.