‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्याआधी

(मुरुड, जि. लातूर येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी इंजिनीअर आहे, सॉफ्टवेअरचं काम करतो. औषध सांगायला मी उभा नाही. म्हातारपणी डोकं चालतं कसं ठेवायचं यावर जगात जे संशोधन झालं आहे, त्यातलं मुरुडसारख्या गावात आपल्याला काय वापरता येईल, एवढंच बोलणार आहे.

आपल्याकडे म्हण आहे, ‘साठी बुद्धी नाठी’. ही म्हण फार नुकसान करते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाबरोबर होतं, त्याची काळजी नको. पण रोजच्या मशिदीचा रस्ता चुकणं, पन्नास वर्षं केलेली खिचडी करताना हात थांबणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणं, हे ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. तो आजार असू शकतो. त्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. भारतात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना तो आहे. देशात एकूण अंदाजे 88 लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे हा विषय पुण्या-मुंबईचा कमी आणि आपला जास्त आहे.

दुसरी बाजूही ऐका. कधी कधी विसरभोळेपणामागे बी-12 ची कमतरता, थायरॉईड किंवा मनातली उदासी असते. वेळेवर तपासलं तर यातलं पुष्कळ सुधारतं. म्हण तोंडावर फेकून आपण ती तपासणीच बंद करून टाकतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 साली एक अहवाल दिला. त्यात 14 गोष्टी मोजल्या आहेत. आयुष्यभर या गोष्टींकडे लक्ष दिलं, तर डिमेन्शियाचे जवळपास 45 टक्के रुग्ण टाळता येतील किंवा आजार पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखू ओढणं, दारू, डोक्याला मार, बसून राहणं, नैराश्य, हवेचं प्रदूषण, कमी शिक्षण, कमी दिसणं, कमी ऐकू येणं आणि एकटेपणा. यात शब्दकोडं कुठेच नाही, हे लक्षात घ्या. डोकं चांगलं ठेवण्याची सुरुवात बीपीच्या गोळीपासून होते. हेल्मेटपासूनही होते.

यातल्या कानाबद्दल जरा थांबून बोलतो. माझ्या नानीचा हिशेब तोंडी होता. किराण्याची यादी, कुणाचं किती देणं, सगळं डोक्यात. पुढे ती बोलेनाशी झाली. विचारलं एक, तर उत्तर भलतंच. घरात ठरलं की नानीचं डोकं गेलं. मग लोक तिच्याशी बोलेनासे झाले, तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलू लागले. दोन वर्षांनी कान तपासले. ऐकू येत नव्हतं, एवढंच होतं. मशीन लावल्यावर पहिल्या आठवड्यात तिने मामाला विचारलं, ‘दूध का हिसाब किसने बिगाड्या?’

चष्मा लावायला आपल्याला लाज वाटत नाही, कानाच्या मशीनची वाटते. ऐकू कमी आलं की मेंदूची सगळी ताकद शब्द ओळखण्यात जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. मग माणूस चारचौघांत जाणं टाळतो. मशीनने सगळ्यांचाच डिमेन्शिया थांबतो असं नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात एकूण गटात फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांची घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली. साठीनंतर कान तपासून घ्यायला एवढं कारण पुरे.

आता आपल्या घरातल्या दौलतीकडे येतो. 2013 साली हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता. आणि हा फरक शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्येही दिसला.

दोन भाषा बोलणारा माणूस दिवसभर एक भाषा मागे ठेवून दुसरी पुढे आणत असतो. हा मेंदूचा व्यायामच आहे, असं संशोधक मानतात. सगळ्या अभ्यासांत हा फायदा सारखा दिसलेला नाही, म्हणून भाषेला लस समजू नका. पण हैदराबाद आपल्याला परकं नाही. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. आपल्या खाला घरात दखनी बोलतात, बाजारात मराठीत भाव करतात, टीव्हीवर हिंदी ऐकतात. दखनीतला ‘नक्को’ हा तर मराठी ‘नको’चा सख्खा भाऊ. याच लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात 1910 साली जन्मलेले सेतु माधवराव पगडी उर्दू, फारसी जाणत होते. आदिलाबादकडे नोकरीत असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणं लिहिली. ही आपल्या मातीची परंपरा आहे. आणि आपण मात्र नातवाला म्हणतो, दादीसारखं बोलू नको, लोक हसतील. त्यात नातवाची एक भाषा जाते आणि दादीचा बोलायला असलेला माणूस जातो.

आता एक कडू गोष्ट. पुरुषांना पाच वेळा मशिदीत जायला मिळतं. चालणं होतं, चार माणसं भेटतात, कुणी आलं नाही तर विचारपूस होते. गावातल्या हिंदू बायकांना भजनी मंडळ आहे, हरिपाठ आहे. आपल्या खालांना काय आहे? नमाज घरात, दुपार घरात, शौहर गेल्यावर तर शेजारीही जाणं नाही. एकटेपणा त्या 14 गोष्टींच्या यादीत आहे. ‘लोग क्या कहेंगे’ या तीन शब्दांमुळे आपण आपल्याच आयांना आजाराकडे ढकलतो आहोत.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसतात, अक्षरं गिरवतात. सही करायला शिकतात. अंगठा उठवणारी बाई सही करू लागली की बँकेत तिची मान वर होते, हे मला जास्त मोलाचं वाटतं. मेंदूसाठी जे हवं ते सगळं त्या वर्गात आहे: घराबाहेर चालत जाणं, सोबत, आणि जमेल-न जमेल असं काहीतरी नवीन.

नवीन हा शब्द महत्त्वाचा. पाठ असलेलंच पुन्हा म्हणण्यात समाधान आहे, मेहनत कमी आहे. ज्या सूरा पाठ आहेत त्यांचा अर्थ मराठीत वाचून बघा. उर्दू येणाऱ्याने देवनागरी शिकावी, मराठी वाचणाऱ्याने उर्दू लिपी.

माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. मोबाइलवर ‘मेंदू तल्लख करा’ म्हणणारे खेळ मिळतात. असं सांगून विकणाऱ्या लुमॉसिटी कंपनीला 2016 साली अमेरिकेत फसव्या जाहिरातींबद्दल 20 लाख डॉलर भरावे लागले. खेळ खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात हुशार होतो. मजा येत असेल तर खेळा, पैसे भरू नका. तोच मोबाइल नातेवाइकांना फोन करायला, स्वतः पैसे पाठवायला शिका. आणि मुलांनो, ‘अब्बा, द्या इकडे, मी करतो’ म्हणून फोन हिसकावू नका. तुमचे दोन मिनिटं वाचतात, त्यांचं एक काम कायमचं जातं. शेजारी बसा, चुकू द्या. फक्त ओटीपी कुणाला सांगायचा नाही, फोनवरून कुणी अटक करत नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करायचा, एवढं पक्कं करून घ्या.

आज इथून उठताना चार कामं ठरवू या. एक, साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासणं. दोन, आठवड्यातून एक दुपार खालांसाठी आणि आज्यांसाठी, सगळ्या समाजाच्या, एकाच खोलीत. अभ्यासाला पाटी-पेन्सिल पुरे. तीन, कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर वडीलधाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करणं. 1993 च्या भूकंपाची ती पहाट, छोट्या रेल्वेचा प्रवास, हाली सिक्क्याबद्दल बापाकडून ऐकलेलं. विचारणारा भेटला की आठवण जागी होते. चार, कुणी रस्ता चुकू लागलं, पैसे ओळखेनासं झालं, तर ते लपवायचं नाही. लातूर जवळ आहे, डॉक्टरकडे न्यायचं. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, तो लिहून घ्या.

डिमेन्शिया झाला म्हणजे माणसाची इज्जत संपत नाही. त्याला काळजीही हवी आणि त्याच्याशी बोलणारं माणूसही. ज्यांना झालेला नाही त्यांच्यासाठी अजून पुष्कळ करता येतं. खोलीची किल्ली कोण देणार आणि पहिली दुपार कोणत्या वारची, हे ठरवूनच आपण चहा घेऊ. नावं लिहायला वही इथे ठेवली आहे.